गोव्याच्या चित्रकलेतलं माणसाचं शरीर

गोव्यात माणसाचं अंग कुणी रंगवलं असं विचारलं की फ्रान्सिस न्यूटन सूझाचं नाव येतं, पण सुरुवात मेणापासून करायला हवी. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला बाहेर स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं मांडलेली असतात, ज्याचं जे दुखतंय ते घ्यायचं नि नवसाचं म्हणून वाहायचं. हिंदूही घेतात, आमच्या आजीच्या गुडघ्यासाठी आणलेला पाय पिशवीतच उन्हाने वाकडा झाला होता, तसाच वाहिला. दुखण्याला आकार द्यायची ही सवय इथली जुनीच.

सूझा १९२४ चा, साळगावचा. लहानपणी त्याला देवी आल्या (म्हणजे स्मॉलपॉक्स, आपल्याकडे त्या आजारालाच देवी म्हणायचे), आईने सायबाला नवस केला, पोर वाचलं आणि न्यूटनच्या आधी फ्रान्सिस लागलं. व्रण मात्र तोंडावर राहिले ते राहिलेच. पुढे १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलं, १९४७ मध्ये रझा, हुसेन वगैरे चित्रकारांबरोबर काढलेला प्रोग्रेसिव्ह ग्रुप, १९४९ मध्ये लंडन. त्याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांचे डोळे कपाळावर चढलेले असतात, दात बाहेर, गालांवर आडव्याउभ्या रेघा नि खड्डे. १९५५ च्या 'मिस्टर सेबॅस्टियन'मध्ये तर कोट-टाय घातलेल्या साहेबाच्या तोंडात-मानेत बाण घुसलेत. संत सेबॅस्टियन म्हणजे बाणांनी विंधलेला, आणि प्लेग आला की लोक ज्याचा धावा करायचे तो.

आता हे सगळं देवीच्या व्रणांमुळेच असं म्हणणारे बरेच भेटतात, मला ते फार सोपं वाटतं. चर्चमध्ये त्याने काट्यांचा मुकुट घातलेला रक्ताळलेला ख्रिस्त पाहिला तसा जरीच्या झग्यातला पाद्रीही पाहिला, आणि त्याला ओढ होती ती धर्माच्या शिकवणीपेक्षा त्या थाटाची. आई शिवणकाम करायची. म्हणून त्याच्या पाद्रींच्या झग्यांवर नक्षी एवढी भरगच्च नि वरचा चेहरा असा ओरबाडलेला, दोन्ही एकाच काळ्या जाड रेघेत.

याच्या अगदी उलट आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७), जुवें बेटावरचा. याच्या अंगांना आजार शिवत नाही. येशूची आई मारिया साडीत, शांत, पदर नीट. ते इथल्या चर्चवाल्यांना झेपलं नाही नि तो पुण्याला जाऊन राहिला, त्याची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

अद्भुत अंग मात्र कॅनव्हासवर कमी, शिगम्यात जास्त. घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधला की माणूस अर्धा घोडा होतो, हातात तलवार, खाली स्वतःचेच पाय.

भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा. आजच्या पोरांनी तसे व्रण कुणाच्या तोंडावर पाहिलेलेच नसतात, त्यामुळे सूझाच्या गालावरचे खड्डे त्यांना नुसती स्टाईल वाटते.