उसाच्या फडावर दिवस गेल्याचं कळलं तर: मातृवंदनेचा अर्ज, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

साखर कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला), ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की आमच्या सेवा केंद्रावर हमखास दिसणारं चित्र आहे. बाई सहाव्या-सातव्या महिन्यात, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स. ‘मातृवंदनेचा फॉर्म भरायचाय.’ मी विचारते, ‘तपासणीचं कार्ड कुठंय?’ कार्ड नसतं. ‘तिकडं कुठं नाव घालणार? म्हणलं गावी गेल्यावर बघू.’ इथेच घोळ होतो. बीड जिल्ह्यातलं वडवणी, धारूर, केज, पाटोदा, कुठल्याही तालुक्यात हीच गोष्ट.

आधी योजना थोडक्यात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3,000. बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. दुसऱ्या वेळीही गरोदरपणातच नोंद झालेली लागते. ‘मुलगी झाली की मग बघू’ म्हणून थांबणाऱ्यांना नंतर हात चोळत बसावं लागतं.

आता ते सहा महिने. ‘कळल्यापासून सहा महिने’ असं जवळजवळ सगळ्याच धरतात. तसं नाही. शेवटची पाळी ज्या दिवशी आली, त्या दिवसापासून मोजायचे. समजा ती 5 ऑक्टोबरला आली, दसऱ्याच्या आसपास, गाड्या भरायच्या गडबडीत. पुढची चुकली, तेव्हा नुकती कोपी (फडावरची झोपडी) उभी राहिलेली. पहाटे उठून फडात जायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, तेव्हा ‘दगदगीनं पुढं गेली असेल’ असंच वाटतं. डिसेंबरात मळमळ सुरू झाली की खात्री पटते. हिशोबाने 5 एप्रिलला मुदत संपते. कारखाना मार्चअखेर बंद होणार, मग हिशोब, मग प्रवास, मग घर सारवणं. आशाताईकडे जाईपर्यंत मुदत उलटलेली. दोन-चार दिवसांनी हुकलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्यात.

एक फरक नीट समजून घ्या. अर्ज उशिरा चालतो. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवस आणि दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून 270 दिवस मुदत आहे. म्हणजे फॉर्म गावी येऊन निवांत भरता येतो. तपासणी मात्र मागच्या तारखेने करता येत नाही. म्हणून फॉर्मची चिंता सोडा आणि जिथे आहात तिथे, मग ते सांगली-कोल्हापूर असो की बेळगाव-बागलकोट, पहिली तपासणी आणि नोंद करून घ्या.

पाळी चुकली की जवळच्या गावातल्या आशाताईला गाठा. तिच्याकडे लघवी तपासायची पट्टी असते, फुकट. मेडिकलवर पैसे घालवू नका. नोंद पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी, तेव्हाच वजन, रक्त, बीपी बघून पुढचं ठरवता येतं. मग उपकेंद्रात नर्सबाई माता बाल संरक्षण कार्ड देतात. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहिलाय ना, हे तिथेच उभं राहून बघा. क्रमांकाची जागा कोरी ठेवून कार्ड हातात देणारे कमी नाहीत, आणि तो क्रमांक नसला की पुढे फॉर्म हलत नाही. पाळीची तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा: घटस्थापनेच्या आधी की नंतर, दिवाळीला डोक्यावरून न्हाले होते का. मात्र अंदाजाने काहीही ठोकून देऊ नका. एकदा चुकीची तारीख चढली की ती दुरुस्त करायला जे हेलपाटे पडतात, त्यात बाळंतपण होऊन जातं.

‘तुम्ही बाहेरच्या, आमच्या यादीत नाही’ हे ऐकावं लागेल, तयारी ठेवा. गरोदर बाईच्या तपासणीला रहिवासी दाखला लागत नाही. तो कुणी मागितला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ डॉक्टरांना भेटा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायांची मोफत तपासणी होते, तोच दिवस धरला तर बरं. अंगणवाडीचा आहारही स्थलांतर केलेल्या जागी मिळतो आणि रेशन तर कर्नाटकातसुद्धा तुमच्याच कार्डावर उचलता येतं. मिळत नाही ती फक्त खाड्याची (दिवस बुडाल्याच्या दंडाची) माफी. एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून, त्यामुळे ती दवाखान्यात गेली की दोघांचा दिवस बुडतो आणि उचलीत (हंगामाआधी घेतलेल्या पैशांत) भर पडते. बाया तपासणीला जात नाहीत ते अडाणीपणामुळे नाही, यामुळे. मुकादमाला 9 तारीख आधीच सांगून ठेवा, टोळीतल्या दोघी-तिघी मिळून जा. एकटीला अडवतात, चौघींना सहसा नाही.

कार्ड कोपीत ठेवणार असाल तर त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो काढून आईच्या किंवा भावाच्या मोबाईलवर पाठवा. पाचट पेटतं, पाऊस येतो, बैल पिशवी चघळतो. हसू नका, घडलंय.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त पळापळ उत्पन्नाच्या दाखल्यासाठी होते, आणि बहुतेकींना तो लागतच नाही. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न हा पात्रतेच्या अनेक पुराव्यांपैकी एक. अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमातीसाठी), यातलं एक पुरतं. नवी नवरी रेशनकार्डावर चढलेली नसतेच, तेव्हा मी सरळ ई-श्रम काढून देते. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर बसल्या बैठकीत होतं. तरीही एखादा साहेब ‘तहसीलचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवतो. त्याला कुठल्या ओळीत तसं लिहिलंय ते नम्रपणे विचारा.

नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. सोडून दिलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवा.

नाव मात्र आधारवर जसं आहे तसंच चढतं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, कार्डावर नर्सबाईंनी ऐकलं तसं, अशी तीन नावं असली की अर्ज परत. फॉर्म भरण्याआधी तिन्ही समोर ठेवून वाचा. पैसे कोणत्या खात्यात येतील हे आपण ठरवत नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. लाडक्या बहिणीचे पैसे जिथे जमा होतात तेच खातं समजा. ते चालू असेल तर नवीन खात्यासाठी बँकेत रांग लावू नका.

वयाबद्दल. अठराच्या आत लग्न झालेल्या मुली आमच्या भागात आहेत, लपवून काय होणार. दिवस गेले तेव्हाही त्या अठराच्या आत असतील तर त्यांना या योजनेचे पैसे मिळत नाहीत, आणि दवाखान्याला पोलिसांना कळवावंही लागतं. त्या भीतीने घरचे तपासणीच टाळतात. तपासणी टाळू नका. कोवळ्या अंगाचं बाळंतपण कोपीत झालं तर जिवावर बेततं.

मूल नको असेल तर तेही सरकारी दवाखान्यात कायदेशीर आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि बाई अठरा पूर्ण असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची, सासूची नाही. कुणी आणून दिलेल्या गोळ्या खाऊन दुसऱ्या दिवशी फडात उभं राहू नका, रक्तस्राव थांबत नाही.

बाळंतपण तिकडेच झालं तर जन्माची नोंदही तिकडेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. यावरून दरवर्षी ग्रामसेवकाशी वाद. दवाखान्यात झालं तर दवाखान्यातून नोंद होते, दाखला घेऊनच निघा. फडात किंवा वाटेत झालं तर ज्या गावाच्या हद्दीत झालं तिथे 21 दिवसांत कळवायचं. महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि त्यासाठी तुम्ही वडवणीहून कागलला किती वेळा जाणार? कळा सुरू झाल्या की 108 लावा. पत्ता सांगता येत नाही ही खरी अडचण असते, म्हणून फडाच्या मालकाचं नाव, गाव आणि जवळचा रस्ता कुणीतरी आधीच कागदावर लिहून कोपीच्या मेढीला अडकवून ठेवा.