तीन हिरवे कोळी आणि शंभर वर्षांचा घोळ

समजा कोणी तुमच्यापुढे तीन कोळी ठेवले. एक दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला, एक आफ्रिकेतला, एक बोर्निओकडचा. तिघंही पानाच्या खालच्या बाजूला राहणारे, फिकट हिरवट-पिवळसर, अंगानं इतके पारदर्शक की डोक्याच्या आतल्या डोळ्यांच्या नळ्या हलताना बाहेरून दिसतात, पाय लांब काडीसारखे आणि आठ डोळे दोन-दोनच्या चार ओळींत. आता यांचे गट करा म्हटलं तर काय कराल? एकत्रच ठेवाल ना. मीही तेच केलं असतं, आणि तज्ज्ञांनीही बरीच वर्षं तेच केलं, लिसोमॅनेस, असेमोनिया आणि ओनोमॅस्टस या तिघांना एकाच उपकुळात टाकून मोकळे झाले. मग डीएनए बघितला तर कळलं की हे तीन वेगवेगळे घराणे आहेत, फार पूर्वीच एकमेकांपासून फुटलेले, आणि आता तिघांना तीन स्वतंत्र उपकुळं आहेत.

हे तिघं जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारे कोळी. शास्त्रीय भाषेत साल्टिसिडी कुळ. जाळं विणून त्यात भक्ष्य अडकायची वाट बघत बसणं यांना सहसा मान्य नाही, हे बघतात, दबा धरतात आणि झेप घेतात. कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं कुळ हेच, आजवर नोंदवलेल्या जाती ६,००० च्या वर गेल्यात आणि त्यातला मोठा हिस्सा उष्ण कटिबंधात. एप्रिल २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियममधून चालणाऱ्या जागतिक कोळी कॅटलॉगमध्ये ५०,००० व्या जातीची नोंद झाली तेव्हा तो मानही एका जंपिंग स्पायडरलाच मिळाला, दक्षिण अमेरिकेतला गुरियुरियस मिनुआनो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मराठीत स्पीशीजला कोणी जाती म्हणतं कोणी प्रजाती, आणि जीनसलाही काही जण प्रजातीच म्हणतात, त्यात वाचणाऱ्याचं पार भजं होतं. मी इथे स्पीशीजला जाती म्हणतोय आणि जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, जीनसच.

तर हे कुळ ओळखणं एकदम सोपं. समोर दोन मोठ्ठे डोळे, गाडीच्या हेडलाइटसारखे, बाजूला दोन मध्यम, मागे वर आणखी दोन आणि मधे कुठेतरी दोन अगदी बारके. असा चेहरा दिसला की साल्टिसिडी, विषय संपला. पण गंमत अशी की जितकं कुळ ओळखणं सोपं तितकंच कुळाच्या आतलं वर्गीकरण वैताग आणणारं, कारण चेहरा सगळ्यांचाच तसा, मग आत गट पाडायचे कशावर?

फ्रान्सच्या युजीन सिमोन यांनी यावर उत्तर काढलं, दात. कोळ्याच्या जबड्यावर, जिथे विषारी सुळा मिटून बसतो त्या खाचेच्या मागच्या कडेला छोटे दात असतात. सिमोन यांनी १९०१ ते १९०३ या काळात सगळ्या ज्ञात जंपिंग स्पायडर्सची मांडणी केली ती या दातांवर. एकच दात असलेले एका बाजूला, एकच पण दोन टोकांचा दुभंगलेला दात असलेले दुसऱ्या बाजूला, आणि अनेक दातवाले तिसरीकडे. जगभरातून जहाजानं आलेल्या, अल्कोहोलमध्ये रंग उडालेल्या बाटल्यांमधून एका माणसानं हजारो कोळ्यांचे दात बघणं हे काम किती किचकट आहे ते लक्षात घ्या, हे नमुने बऱ्याचदा ५-७ मिलिमीटरचे आणि दात त्याहून कितीतरी बारीक. त्यामुळे सिमोनना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. ही पद्धत पुढे बराच काळ टिकली, पण आज मागे वळून बघितलं तर दात हा फार भरवशाचा साक्षीदार नव्हता. दुभंगलेला दात वंशावळीच्या वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवलाय, अनेक दातांचंही तेच.

मग भरवसा कशावर ठेवायचा? दोन जवळच्या जाती वेगळ्या करायच्या असतील तर आजही पहिला पुरावा म्हणजे जननेंद्रियं. नराच्या तोंडाजवळ दोन छोटे पायासारखे अवयव असतात, पॅल्प म्हणतात त्यांना, टोकाला फुगलेले, बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारखे. त्यात एक सुईसारखी नळी असते, कुठे आखूड, कुठे गोल गुंडाळलेली, कुठे चाबकासारखी लांब, आणि मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी रचना असते. जातीगणिक यात फरक पडतो म्हणून रंग सारखा असला तरी पॅल्प बघून जात सांगता येते. मादीचं काम जास्त कटकटीचं, तो भाग बारीक चिमट्यानं वेगळा काढायचा, लवंगाच्या तेलात वगैरे ठेवून पारदर्शक करायचा, मग मायक्रोस्कोपखाली आतल्या नळ्यांची वळणं बघून चित्र काढायचं. म्हणून कोणी मोबाईलवरचा फोटो पाठवून 'ही कुठली जात?' असं विचारतं तेव्हा ठाम उत्तर देणाऱ्यापेक्षा 'बहुतेक' म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि पिल्लू असेल तर जवळजवळ सोडूनच द्या, त्याची जननेंद्रियं तयारच झालेली नसतात.

त्यात नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. प्लेक्सिपस पायकुली घ्या, उष्ण प्रदेशात जगभर घरांच्या भिंतींवर फिरणारा. नर काळा, त्यावर ठसठशीत पांढरे पट्टे, मादी मात्र करडी-तपकिरी. मी स्वतः कितीतरी दिवस या दोघांना दोन वेगळ्या जाती समजत होतो, एकदा नर तिच्यासमोर पाय वर करून नाचताना बघितला तेव्हा ट्यूब पेटली. मला हे भिंतीवर दिसलं म्हणून कळलं, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी म्युझियममध्ये बसलेल्या माणसाकडे एका बाटलीत नुसता नर यायचा, दहा वर्षांनी भलत्याच देशातून नुसती मादी यायची, तो बिचारा दोन नावं देणार नाहीतर काय. शिवाय असे माणसांबरोबर जहाजांतून फिरलेले कोळी प्रत्येक बंदरावर नवीनच वाटायचे, त्यामुळे प्लेक्सिपस पायकुलीच्या नावावर जुन्या, आता रद्द झालेल्या नावांची चांगली रांग आहे. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी जातींचा आजही फक्त नर किंवा फक्त मादीच माहीत आहे, दुसरा जोडीदार कदाचित वेगळ्याच नावानं कुठल्या तरी कपाटात पडलेला असेल.

कपाटातल्या नमुन्यावरून काय कळत नाही याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे बघीरा किपलिंगी. जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या अमेरिकन जोडप्यानं १८९६ मध्ये हे नाव ठेवलं, किपलिंगच्या गोष्टीतल्या काळ्या बिबट्यावरून. नाव शिकाऱ्याचं, तेही मेलेल्या नमुन्याला बघून. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळलं की मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतला हा पठ्ठ्या मुख्यतः शाकाहारी आहे, बाभळीच्या जातीतल्या झाडांच्या पानांच्या टोकाला येणारे पौष्टिक दाणे खातो, आणि ते दाणे झाडानं खरं तर राखण करणाऱ्या मुंग्यांसाठी बनवलेले असतात. मेक्सिकोत तर त्याच्या खाण्यात ९० टक्क्यांच्या आसपास हेच. पण वर्गीकरणाच्या दृष्टीनं खाण्याच्या सवयीचा काही उपयोग नाही, त्याचे जवळचे नातेवाईक सगळे नेहमीसारखे मांसाहारीच आहेत.

खरी उलथापालथ झाली २००० नंतर. कॅनडातले वेन मॅडिसन आणि अमेरिकेतले मार्शल हेडिन यांनी जंपिंग स्पायडर्सच्या जनुकांची तुलना सुरू केली, आधी थोडी जनुकं, थोडे कोळी, मग मॅडिसन आणि त्यांचे सहकारी इक्वेडोर, बोर्निओ, न्यू गिनी असं फिरून झुडपं झोडपून, झाडाच्या साली चाचपून, पालापाचोळा चाळून नवे नमुने आणत गेले आणि वंशावळीचं झाड भरत गेलं. त्यातून जे चित्र आलं ते मला तरी थक्क करणारं वाटतं. कोळी कसा दिसतो त्यापेक्षा त्याचे नातेवाईक कुठल्या खंडात राहतात हे त्याच्या घराण्याबद्दल जास्त सांगतं!

म्हणजे असं की या कुळातल्या ९० टक्क्यांहून जास्त जाती साल्टिसिनी या एकाच उपकुळात येतात, आणि त्यातल्या मोठ्या फांद्या बऱ्याच अंशी खंडवार वाटल्या गेल्यात. अमायकॉइडा ही फांदी मुख्यतः दक्षिण अमेरिकेत. मार्पिसॉइडाही मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत. अ‍ॅस्टिऑइडा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आग्नेय आशियाकडे. साल्टाफ्रेसिया या चौथ्या मोठ्या फांदीचा बराचसा पसारा आफ्रिका, आशिया, युरोपात. अपवाद आहेत, काही फांद्या समुद्र ओलांडून भलतीकडे जाऊन फोफावल्यात, तरी ढोबळ नकाशा हाच. कारण काय तर हा सगळा विस्तार खंड एकमेकांपासून दूर गेल्यावर झाला, प्रत्येक खंडात थोडेफार पूर्वज पोचले आणि तिथल्या तिथे त्यांच्या वंशजांनी सगळ्या जागा भरून काढल्या. सालीवर राहणारा चपटा कोळी इकडेही झाला, तिकडेही झाला, गवतात राहणारा लांबुडका इकडेही, तिकडेही. आपण इतकी वर्षं चपट्याला चपट्याबरोबर ठेवत होतो, जेव्हा तो खरं तर शेजारच्या गवतातल्या लांबुडक्याचा चुलत भाऊ होता.

मुंगीची नक्कल करणारे कोळी बघा. कमर बारीक, पुढचे पाय वर उचलून मुंगीच्या स्पर्शिकांसारखे हलवायचे, चालही तशीच नागमोडी. अमेरिकेतला सिनेमोसायना अमायकॉइडा फांदीवरचा, अमेरिकेतलाच पेकहॅमिया (हो, त्याच जोडप्याच्या नावावरून) मार्पिसॉइडातला, आणि आशिया-आफ्रिकेतल्या मिरमारॅक्नेचं घराणं अ‍ॅस्टिऑइडातलं. तिघांनी स्वतंत्रपणे मुंगी व्हायचं ठरवलं, म्हणजे ठरवलं असं नाही, पण मुंगीसारखं दिसलं की पक्षी आणि इतर शिकारी वाटेला जात नाहीत, त्यामुळे तेच तेच टिकत गेलं. टणक गोल भुंग्यासारखे दिसणारेही असेच, न्यू गिनीतला कोकोर्केस्टेस एका घराण्यातला आणि आफ्रिकेतला पॅकीबॅलस दुसऱ्याच.

आता सुरुवातीच्या तीन हिरव्यांकडे. त्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. चार ओळींतले डोळे हे जुन्या काळचं वैशिष्ट्य असू शकतं, जे बाकीच्यांनी सोडलं आणि या तिघांनी राखलं. पणजोबांचं नाक तीन चुलत घरांत टिकलं म्हणून ती तीन घरं एकमेकांची सख्खी ठरत नाहीत, तसंच. आणि हिरवा पारदर्शक रंग पानाखाली राहणाऱ्या कोणालाही सोयीचाच. हे दोन्ही मिळून नजरेची फसगत.

२०१५ मध्ये मॅडिसन यांनी सगळं एकत्र करून मांडणी दिली, सात उपकुळं. तीन हिरव्यांची तीन. चौथं स्पार्टेइनी, ज्यात पोर्शिया येतो, वाळक्या कचऱ्यासारखा दिसणारा, दुसऱ्या कोळ्यांच्या जाळ्याचे धागे छेडून त्यांना फसवून खाणारा. याच्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी एकच गोष्ट सांगतो, मघाशी म्हटलेले ते मधले दोन बारके डोळे पोर्शियात चांगले मोठे असतात. पाचवं युपोइनी, आशियातल्या जंगलात पालापाचोळ्यात राहणारे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे जीव. सहावं हिस्पोनिनी, आज मुख्यतः आफ्रिका, मादागास्कर आणि थोडे आशियात, पण यांचे नातेवाईक युरोपातल्या बाल्टिक अंबरमध्ये, साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेले सापडतात. आणि सातवं ते अगडबंब साल्टिसिनी. यांची एक खूण सांगण्यासारखी आहे, यांच्या मादीच्या पॅल्पच्या टोकावरची नखी गायब झालेली असते. एवढ्या मोठ्या कुटुंबाची ओळख एका हरवलेल्या नखावरून!

सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. पोलंडचे येर्झी प्रोशिन्स्की यांनी आयुष्यभर जंपिंग स्पायडर्सच्या जननेंद्रियांची चित्रं गोळा केली होती आणि सगळ्यांना बघता यावीत म्हणून ऑनलाइन ठेवली होती. त्यांचं म्हणणं साधारण असं की वर्गीकरण ओळख पटवायला कामी आलं पाहिजे, टेबलावर नमुना असताना माणसाला डीएनएच्या झाडाचा काय उपयोग. २०१७ मध्ये त्यांनी चित्रांच्या साम्यावर आधारलेली स्वतःची 'व्यवहारी' मांडणी छापली, त्याआधी २०१६ मध्ये दोनशेच्या वर जाती असलेल्या मिरमारॅक्नेचे तुकडे करून बरेच नवे जीनस काढले. लाल विणकर मुंगीची नक्कल करणारा, ज्याच्या नराचे जबडे इतके लांब की मुंगी दुसऱ्या मुंगीला उचलून चाललीये असं वाटतं, तो जुना मिरमारॅक्ने प्लॅटॅलिऑइडेस तेव्हापासून मिरमाप्लाटा झाला. २०१९ मध्ये कोळी-अभ्यासकांच्या एका गटानं त्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली, नुसतं सारखं दिसणं म्हणजे नातं नव्हे हाच मुद्दा. मला विचाराल तर वंशावळ म्हणून मॅडिसन यांचं झाड बरोबर वाटतं, पण हातात कोळी असताना मीही आधी प्रोशिन्स्कींची चित्रंच उघडतो.

आणि या भांडणाच्या थोडं आधी, २०१४ मध्ये, बोर्निओत झाडाच्या सालीवर राहणारा एक हिस्पोनिनी कोळी जगापुढे आला होता, त्याच्यासाठी मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं नवा जीनस केला. नाव ठेवलं जेर्झेगो, येर्झी प्रोशिन्स्कींच्या नावावरून.