हाताने शिवलेल्या भेटी आणि गोधड्या : यामागचा इतिहास

गोधडीचा इतिहास म्हटलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट ऐकायला मिळते, की पूर्वी लोक गरीब होते, कापड वाया घालवायचं नाही म्हणून चिंध्या जोडल्या आणि झाली गोधडी तयार. ते खोटं नाहीये पण अर्धंच आहे, आणि मला राहिलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण सुईदोऱ्याने घरी शिवून कुणाला तरी काही देणं हे बराच काळ अशा माणसांचं काम होतं ज्यांच्या हातात स्वतःचे पैसे नव्हते पण सुई होती, थोडं कापड होतं आणि वेळ होता (तोही बऱ्याचदा चोरूनच काढलेला). इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता कायद्याने नवऱ्याची धरली जायची. अशा वेळी स्वतःची म्हणून देता येईल अशी वस्तू कुठली, तर स्वतः शिवलेली.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे थर एकत्र धरून आरपार टाके घालणं, आणि दुसरं म्हणजे छोटे तुकडे जोडून मोठं कापड तयार करणं. आपण दोन्हीला सरसकट क्विल्टच म्हणतो पण दोघांचा इतिहास वेगवेगळा चालत आलाय आणि बऱ्याच नंतर एकत्र आलाय.

थर शिवायचं काम फार जुनं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हाडाची, नेढं असलेली सुई सापडलीये, ती सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची मानतात, म्हणजे शिवणकाम शेतीच्याही कितीतरी आधीचं. इजिप्तमध्ये अबायडॉसला १९०३ मध्ये हस्तिदंताची एक छोटीशी मूर्ती मिळाली, पहिल्या राजघराण्यातल्या एका राजाची, साधारण ५,००० वर्षांपूर्वीची, आणि त्याच्या अंगावरच्या झग्यावर चौकटीचौकटीचं काम कोरलंय, ते बघून अभ्यासक म्हणतात की हे थर देऊन शिवलेलं कापड असणार. मंगोलियात नोइन-उला इथल्या थडग्यांमधून १९२४ साली तसाच शिवलेला जमिनीवरचा गालिचा निघाला, तो सुमारे २,००० वर्षांचा. युरोपात मध्ययुगात सैनिक चिलखताच्या आत किंवा चिलखताऐवजी जाड भरलेला, टाके घातलेला अंगरखा घालायचे, कारण थरांमध्ये वाराचा जोर जिरतो.

पण नुसतं ऊब आणि संरक्षण एवढंच नव्हतं हे कळायला सिसिलीतली १४व्या शतकाच्या उत्तरार्धातली ट्रिस्टनची (म्हणजे युरोपातल्या जुन्या दंतकथेतल्या एका शूर सरदाराची) गोधडी बघावी. तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि एक फ्लॉरेन्सला. लिननचे दोन थर, त्यावर तपकिरी आणि पांढऱ्या दोऱ्याने चित्रांच्या कडा शिवलेल्या, आणि मग मागच्या बाजूने कापूस आत ढकलून माणसं, घोडे, जहाजं असं सगळं फुगवून उठावदार केलंय. एक भलीमोठी गोष्ट चौकटीचौकटीत सांगितलीये, अगदी कॉमिक्ससारखी, खाली-वर अक्षरं पण शिवलीयेत!

आता तुकडे जोडायचं काम. ते आशियात फार जुनं, पश्चिम चीनमध्ये दुनहुआंगच्या गुहांमधून हजार वर्षांपेक्षा जुनी, तुकडे जोडून केलेली बौद्ध धार्मिक कापडं मिळालीयेत. कोरियात उरलेले तुकडे जोडून पोजागी करतात, म्हणजे वस्तू किंवा भेट गुंडाळायचं कापड, आणि त्याचे चांगले नमुने बघाल तर रंगांची जुळणी थक्क करते. बंगालची कांथा खरं तर थरांच्या कामातली, ती जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून होते, आणि रंगीत दोरा बऱ्याचदा जुन्या साडीच्या काठातूनच उसवून काढलेला असायचा.

इंग्लंडमधलं तारीख घातलेलं सगळ्यात जुनं ज्ञात पॅचवर्क १७१८ चं आहे. आणि ते चक्क रेशमाचं आहे. म्हणजे जोडकाम तिथे गरिबाच्या झोपडीत सुरू झालं असं काही दिसत नाही, उलट ज्यांच्याकडे रेशमाचे तुकडे उरत होते त्यांच्या घरात ते चाललं होतं. ते कागदावर केलंय, ही पद्धत आजही जशीच्या तशी चालते, कागदाचा आकार कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग दोन आकार कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचे आणि सगळं झालं की कच्चे टाके उसवून कागद काढून टाकायचे. बऱ्याच जुन्या कामांत कागद आतच राहून गेलेत. आणि कागद तेव्हा महाग, त्यामुळे जुनी पत्रं, हिशोबाची पानं, छापील कागद असं काय काय वापरलेलं सापडतं आणि त्यावरून काम साधारण कधीचं ते ठरवता येतं.

मग भारतातलं छापील कापड. चीट. धुतलं तरी रंग न जाणारं सुती कापड युरोपला माहीतच नव्हतं, आपल्याकडच्या रंगाऱ्यांना मात्र रंग कापडात पक्का कसा बसवायचा ते शेकडो वर्षं येत होतं. ते कापड तिकडे गेलं आणि लोक वेडे झाले, मग तिथले विणकर चिडले, सरकारवर दबाव आणला, फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, इंग्लंडने १७०० आणि मग १७२१ चा कायदा करून. १७१९ मध्ये तर लंडनच्या रस्त्यांवर विणकरांनी चिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. इंग्लंडमधली बंदी १७७४ ला उठली. ज्या कापडावर इतकं रामायण झालं त्याचा हातभर तुकडासुद्धा कुणी फेकून देईल का? त्यातली फुलं, पक्षी कडेने कापून साध्या कापडावर शिवायची फॅशन आली ती यातूनच, थोडं कापड सगळीकडे पुरवायचं.

छोट्या भेटींचा इतिहास याला लागूनच आहे. सुया-टाचण्या हाताने बनायच्या तोपर्यंत त्या जपून ठेवायची वस्तू होती, त्यामुळे पिनकुशन किंवा सुयांचं पाकीट ही खरोखर कामाची भेट. १८व्या-१९व्या शतकात इंग्लंडमध्ये बाळंतिणीला पिनकुशन द्यायचे, त्यावर टाचण्याच खोचून बाळाच्या स्वागताचे शब्द लिहिलेले असायचे, पण ते बाळ झाल्यावरच द्यायचं कारण आधी दिलं तर जितक्या टाचण्या तितक्या कळा अशी समजूत होती.

आणि एका सुयांच्या पाकिटाबद्दल तर लिहायलाच हवं. लंडनला १७४१ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल सुरू झालं, ज्या आयांना मूल सांभाळणं शक्य नव्हतं त्या तिथे बाळ सोडून जायच्या. पुढेमागे परत न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून कागदपत्रांना कापडाचा तुकडा जोडून ठेवायचे, बऱ्याचदा बाळाच्याच कपड्यातला. असे हजारो तुकडे अजून तारखेनुसार लावलेले आहेत आणि साध्या माणसांच्या कपड्यांचा १८व्या शतकातला एवढा मोठा साठा मिळणं कठीण. त्यात ११ फेब्रुवारी १७६७ ला आलेल्या चार्ल्स नावाच्या बाळाबरोबर छापील आणि विणीच्या नक्षीचे तुकडे जोडून केलेलं सुयांचं पाकीट आहे, त्यावर भरतकामाने बदाम काढलाय आणि ते मधोमध कापलंय. अर्धं तिथे ठेवलं, अर्धं आईने नेलं. परत नेली गेलेली मुलं फारच थोडी, पण त्याची आई सेरा बेंडर १० जून १७७५ ला आली आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. मला या सगळ्या इतिहासातली कुठली एक वस्तू दाखवायला सांगितली तर मी हीच दाखवेन.

१९व्या शतकात गिरण्यांमुळे सुती कापड स्वस्त झालं आणि तेव्हा कुठे क्विल्ट घरोघरी पोचली. म्हणजे क्रम उलटा आहे, कापड महाग होतं म्हणून नाही, स्वस्त झालं म्हणून ती सगळ्यांची झाली. अमेरिकेत १८४० च्या दशकात सह्यांच्या क्विल्टची लाट आली, एकेकीने एकेक चौकोन शिवून त्यावर नाव लिहायचं आणि लांब जाणाऱ्या मैत्रिणीला किंवा नातेवाइकांना द्यायचं. शेकडो मैल दूर जाणारी बाई पुन्हा भेटेलच असं नसायचं, तेव्हा ती नावं पांघरून झोपायचं. कापड न जाळणारी पक्की शाई बाजारात आली म्हणून हे जमलं, आधीच्या शाईने कापडाला भोकं पडायची.

त्याच सुमारास १८४१ मध्ये राजा नावाच्या जहाजातून इंग्लंडहून तास्मानियाला पाठवलेल्या शिक्षा झालेल्या बायकांनी वाटेत एक गोधडी शिवली. तुरुंगातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या संस्थेने प्रत्येकीला कापडाचे तुकडे, सुया, दोरा, कात्री, अंगुस्ताण दिलं होतं. २,८१५ तुकडे आहेत त्यात. काही ठिकाणी टाका सरळ आणि बारीक, काही ठिकाणी अगदी नवशिकीचा, बोटातून आलेल्या रक्ताचे म्हणतात असे डागही आहेत. ज्या बायकांनी मदत केली त्यांचे आभार त्यावरच भरतकामात लिहिलेत. ही गोधडी पुढे गायब झाली आणि १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मिळाली, आता ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत आहे.

बॉस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी बायका १८३४ पासून विक्री-मेळावे भरवायच्या आणि तिथे सुयांची पाकिटं, पिनकुशनं, पाळण्यातल्या गोधड्या विकून चळवळीला पैसा उभा करायच्या, वस्तूंवर घोषणाही शिवलेल्या. आणि दुसऱ्या टोकाला हॅरिएट पॉवर्स, जॉर्जियात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली. तिने बायबलमधल्या प्रसंगांची ॲप्लिक (म्हणजे कापडाचे आकार कापून वर शिवलेली) गोधडी केली आणि १८८६ च्या आसपास प्रदर्शनात मांडली, जेनी स्मिथ नावाच्या कलाशिक्षिकेने विकत मागितली तर नाही म्हणाली. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा तिने १० डॉलर मागितले आणि ५ डॉलरला द्यावी लागली. देताना एकेक चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, तो स्मिथने लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला कळतो, आणि पॉवर्स नंतर आपली गोधडी बघायला परत परत येत राहिली. आज ती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. (जाता जाता, पळून जाणाऱ्या गुलामांना क्विल्टच्या नमुन्यातून गुप्त रस्ता दाखवायचे ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही. खऱ्या गोष्टी इतक्या मोठ्या असताना ही कशाला पसरवायची.)

सिंगरने १८५१ मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, १८५६ पासून हप्त्यावर द्यायला लागले आणि मशीन घरात आलं. तेव्हाच्या एका कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला साडेचौदा तासांच्या आसपास लागायचे, मशीनवर सव्वा तास. माझ्या मते हाताने शिवलेल्या वस्तूला वेगळी किंमत आली ती इथून, त्याआधी सगळंच हाताचं असल्यामुळे ‘हातचं’ असं वेगळं सांगायची कुणाला गरजच नव्हती. पुरुषही शिवायचे बरं का, ब्रिटिश सैनिकांनी लोकरी गणवेशाच्या कापडातून केलेली रंगीबेरंगी पॅचवर्क आणि लाडक्या माणसासाठी मणी-टाचण्या खोचून केलेली बदामाच्या आकाराची पिनकुशनं आजही म्युझियममध्ये आहेत.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सिअर्स कंपनीने क्विल्टची स्पर्धा ठेवली, २४,००० हून जास्त क्विल्ट आल्या, पहिलं बक्षीस सगळं मिळून १,२०० डॉलर. ऐन मंदीत! पण बरंच नंतर उघड झालं की जिंकलेल्या बाईने ती शिवलीच नव्हती, पैसे देऊन दुसऱ्या बायकांकडून करून घेतली होती आणि त्यांना बक्षिसातलं काही मिळालं नाही. त्याच काळात अमेरिकेत पिठाची आणि कोंबड्यांच्या खाद्याची पोती छापील सुती कापडात यायला लागली, कारण बायका त्याचे फ्रॉक आणि गोधड्या करतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं होतं.

१९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर चांगीच्या तुरुंगात बायका-मुलांना पुरुषांपासून वेगळं ठेवलं, निरोप द्यायची सोय नाही. एथेल मलव्हेनी नावाच्या कॅनेडियन बाईंनी सुचवलं की प्रत्येकीने सहा इंची चौकोन भरायचा, त्यात स्वतःचं काहीतरी घालायचं आणि सही करायची. ६६ चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि एक जखमी जपानी सैनिकांसाठी म्हणून, ती असल्यामुळे बाकीच्या बाहेर इस्पितळात जाऊ दिल्या. तिकडे नवऱ्यांनी सह्या वाचल्या आणि आपली बायको जिवंत आहे हे त्यांना कळलं.

नंतरचं थोडक्यात. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने क्विल्ट भिंतीवर चित्रासारख्या टांगल्या आणि कलाजगताने त्यांची दखल घेतली, मात्र शिवणाऱ्या बऱ्याच बायकांची नावं कुणालाच माहीत नव्हती. १९७९ ला जपानच्या ओल्फा कंपनीचा गोल पात्याचा रोटरी कटर आला आणि कापडाचे अनेक थर पट्टी लावून एकदम कापता यायला लागले, त्यामुळे नोकरी-घर सांभाळणाऱ्यांनाही हा छंद झेपायला लागला. १९८७ मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या आठवणीतले ३ बाय ६ फुटांचे १,९२० तुकडे जमिनीवर पसरले, ते त्यांच्या मित्रांनी आणि घरच्यांनी शिवले होते, त्यातल्या कित्येकांनी आधी हातात सुई धरलेली नव्हती. आता त्यात सुमारे ५०,००० तुकडे आहेत आणि अजूनही नवे येतात.