भूत दिसणारी मुलं : आमच्या नव्या कपाटाविषयी

(वाचनालयाचे सभासद आणि त्यांचे आईबाबा यांच्यासाठी)

"हिचा राक्षसगण आहे का हो?" भूत दिसणाऱ्या मुलीच्या एका कादंबरीचं मलपृष्ठ वाचून एका आजींनी काउंटरवर विचारलं. आजींचा प्रश्न अगदी नेमका होता. २७ नक्षत्रांपैकी मघा, मूळ, विशाखा अशी ९ राक्षसगणाची, आणि या गणाच्या माणसाला भूत दिसतं ही आपल्याकडची जुनी समजूत. या कपाटातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या नायिकांना पत्रिका नसते, एवढंच. कुणाला जन्मापासून दिसतं, कुणाला अपघातातून वाचल्यावर दिसू लागतं, कुणाच्या घराण्यात ते आजीपासून चालत आलेलं असतं.

डिचोलीतली आपली मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकतात. त्यांचं वाचनही त्याच वळणानं इंग्रजीकडे जातं. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचं भूत मोठ्या वाचकांचं. तेरा-चौदाव्या वर्षाला बेतलेलं मराठी भूत आम्ही शोधतो आहोत, पण फार सापडत नाही. म्हणून हे कपाट बहुतेक इंग्रजी आहे. पाठीवर 'यंग ॲडल्ट' छापलेलं असतं, म्हणजे साधारण १२ ते १८ वयासाठी.

मुखपृष्ठ काळं, त्यावर कबर, त्यामुळे बरेच पालक पुस्तक तसंच परत ठेवतात. आमची विनंती एवढीच, की पहिली दोन प्रकरणं वाचून मग ठरवा. भयकथेतलं भूत माणसाच्या मागे लागतं. इथलं भूत बहुधा काम घेऊन येतं. कुणाचा निरोप राहिलेला असतो, कुणाला आपल्या खुनाचा छडा हवा असतो, काहींना तर आपण मेलो आहोत हेच कळलेलं नसतं. आता शेजारच्या काकूंना गेलेल्या नवऱ्याचा निरोप द्यायचा, पण तो कळला कसा हे सांगायचं कुठल्या तोंडानं? अर्धी गोष्ट या अडचणीवरच चालते. जे दिसतं ते सांगावं तर घरचे काळजीत पडतात, मैत्रिणी हसतात. चौदा वर्षांच्या वाचकाला हा अनुभव भुताशिवायही चांगला ओळखीचा असतो.

आपल्या गोव्यात तरी हे परकं वाटू नये. देवचाराला आपण भितो, आणि राखणदार म्हणून त्याला रोटही ठेवतो. शिगम्याच्या दिवसांत साळ गावात गडे पडतात (गड्यांच्या अंगात येतं) तेव्हा देवचार दिवट्या दाखवतो असं मानून गाव रात्र रात्र जागतं. न दिसणाऱ्याशी देणंघेणं ठेवायची सवय आपल्याला आधीपासून आहे. आणि पिंपळावरचा मुंज्या? तोही वयानं पोरगाच की.

पुस्तकांच्या पाठीवर आम्ही पट्ट्या लावल्या आहेत. पिवळी म्हणजे बेताची भीती, सातवी-आठवीच्या मुलांनी खुशाल न्यावं. लाल म्हणजे रक्तपात आणि खरीखुरी भीती, ती नववीच्या पुढे. जांभळी म्हणजे प्रेमकथा. इथलं भूत देखणं असतं आणि वयानं दीडशे वर्षांनी मोठं. आमच्या मते पालकांनी लालपेक्षा या पट्टीवर जास्त लक्ष ठेवावं, पण मुली आमचं ऐकत नाहीत.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ही पुस्तकं द्यावीत का, असं बरेचजण विचारतात. सरसकट नको म्हणू नये असं आम्हाला वाटतं. मुलानं मागितलं तर द्यावं, आणि शक्यतो आपणही सोबत वाचावं. गेलेलं माणूस जवळपास असल्याचं जाणवणं हे काही वेडाचं लक्षण नव्हे. डॉ. डेवी रीस यांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली निबंध छापला, त्यात जवळजवळ निम्म्यांना तसा अनुभव आलेला होता. मात्र मूल आवाज ऐकू येतात म्हणत असेल, झोप उडाली असेल, घाबरं राहत असेल, तर तो पुस्तकाचा विषय नाही आणि नुसती दृष्ट काढून भागणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे.

पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतूनच न्या. भिजलं तर पंख्याखाली उघडं ठेवा, चुलीजवळ नको, पानं वाकडी होतात. बुरशी आली तर पुसत न बसता तसंच आमच्याकडे आणा. पट्टी निघालेली दिसली तर तेही सांगा. लाल पट्ट्या सगळ्यांत जास्त निघतात, आणि त्या आपोआप निघत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे.