पत्रा उडाला, पण वारा किती होता?

वैशाखात वडोदऱ्यात धुळीचं वादळ येतं, मकरपुऱ्यातल्या एखाद्या शेडचे पत्रे उडतात आणि दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात चहाबरोबर निकाल लागतो, ‘टोर्नेडोच होता हो!’ बहुतेकदा तो नसतो. खात्री करायची तर पालिकेची करवत पोहोचायच्या आत पडलेली झाडं पाहून घ्यावीत.

बुंध्याशी उभं राहून शेंड्याच्या दिशेला होकायंत्र धरायचं, अंश लिहायचे आणि नकाशावर बाण काढायचा. तीस-चाळीस बाण झाले की नक्षी दिसू लागते. ढगातून कोसळलेला थंड वारा जमिनीवर आपटून पसरला असेल, तर बाण पंख्यासारखे फाकतात. टोर्नेडो असेल, तर ते अरुंद पट्ट्याच्या मधल्या रेषेकडे वळलेले दिसतात आणि झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडतात. कोणतं झाड कोणाखाली आहे तेही टिपावं, कारण खालचं आधी पडलेलं असतं. फाकलेली नक्षी शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी ओळखली. 1945 मध्ये अणुबाँबनंतरच्या नागासाकीत त्यांनी अशीच चांदणीसारखी पडलेली झाडं पाहिली होती.

दिशा अशी कळते. वेगाच्या बाबतीत मात्र फसगत फार. नुकसान पाहून टोर्नेडोच्या वाऱ्याचा अंदाज बांधणारी फुजिता यांची 1971 ची श्रेणी सुधारून अमेरिकेत 2007 पासून ‘ईएफ’ (एन्हान्स्ड फुजिता) श्रेणी वापरतात; ती सौम्य ईएफ-0 पासून सर्वांत तीव्र ईएफ-5 पर्यंत जाते. तीत नुकसान तपासायच्या वस्तूंचे घर, शाळा, झाड, खांब असे 28 प्रकार आहेत. लाकडी सांगाड्याचं घर जोत्यापासून साफ वाहून गेलं, तर अपेक्षित वेग ताशी 322 किमी, पण बांधणी कच्ची असेल तर 265 सुद्धा पुरतो. मोजला जातो तो वारा नव्हे, मोडलेली वस्तू. 2013 साली ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी 450 किमीहून जास्त वेग टिपला, तरी श्रेणी मिळाली ईएफ-3. वाटेत बहुतेक शेतं होती, मोडायला काही नव्हतंच!

आता आपला पत्रा. ताशी 100 किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 47 किलो होतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन जेमतेम 4-5 किलो. म्हणजे छप्पर टिकतं ते फक्त जे-हुकांवर, म्हणजे पत्रा सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या वाकड्या आकड्यांवर. ओढ सर्वांत जास्त कडेला आणि कोपऱ्याला, म्हणून तिथला पत्रा आधी सुटतो. एकदा वारा आत शिरला की खालून रेटा, वरून ओढ, मग बाकीचं छप्पर जातंच. जमिनीवर पडलेल्या पत्र्याचं भोक पाहा. ते लांबट फाटून वॉशर आरपार निघाला असेल, तर पत्र्याने जोर सोसला. भोक गोल आणि हुक गंजून तुटलेला असेल, तर वाऱ्याचं फारसं कौतुक करू नये. वडोदऱ्यासाठी भारतीय मानकातला मूळ वेग, म्हणजे बांधकामाची आखणी करताना धरायचा वाऱ्याचा वेग, सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किमी आहे. हा आकडा ईएफ-1 च्या पट्ट्यात येतो. नीट बांधलेली शेड तेवढ्याने उडायला नको.

झाडांचंही तसंच. भिजलेल्या काळ्या मातीतून मुळासकट उपटलेला गुलमोहर फार काही सिद्ध करत नाही. निरोगी कडुलिंबाचा बुंधा मधेच कडाडून मोडला असेल, तर थांबून पाहावं. मोडलेल्या जागी लाकूड पांढरं आणि चिंध्याचिंध्या झालेलं हवं. तपकिरी, भुसभुशीत दिसलं तर ते झाड वहीतून वगळावं.