फाशी थांबणं वेगळं, रद्द होणं वेगळं: हाँगकाँग, 1966 ते 1993

ब्रिटनने 1965 मध्ये खुनासाठीची फाशी बंद केली, तेव्हा त्याच्या वसाहतींतूनही ती गेली, असं अनेकांना वाटतं. तो कायदा हाँगकाँगला लागूच नव्हता. तिथे शेवटची फाशी 16 नोव्हेंबर 1966 ला स्टॅनली तुरुंगात दिली गेली. कायद्यातून मात्र ती एप्रिल 1993 मध्ये निघाली. मधली वर्षं शिक्षा सौम्य करण्याची, रद्द झाल्याची नव्हेत.

सौम्य करण्याचा मार्ग असा. खून सिद्ध झाला की न्यायाधीशाला मृत्युदंड सुनवावाच लागे. अपील फेटाळलं की प्रकरण गव्हर्नरकडे. तो कार्यकारी परिषदेचा सल्ला घेई, निर्णय मात्र त्याचाच. त्याने नकार दिला तर राणीकडे अर्ज, म्हणजे व्यवहारात लंडनच्या परराष्ट्रमंत्र्याकडे. आपल्याकडच्या राष्ट्रपतींकडील दयेच्या अर्जासारखंच हे: एका कैद्याचा जीव वाचतो, पुढच्याला कसलीही हमी नाही.

1973 मध्ये गव्हर्नर मॅकलेहोस यांनी एका प्रकरणात नकार दिला आणि लंडनने राणीच्या नावाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. हाँगकाँगमध्ये संताप उसळला. हिंसक गुन्हे वाढत होते, जनमत फाशीच्या बाजूचं होतं. पुढे प्रत्येक शिक्षा बदलली गेली, पण न्यायालयं ती सुनावतच राहिली. स्थानिकांना ही पद्धत लबाडीची वाटली, आणि त्यात तथ्य होतं: लंडनला फाशी नको होती, पण कायदा बदलून स्थानिकांचा रोष घ्यायचीही तयारी नव्हती.

नुसत्या प्रथेवर विसंबणं किती धोक्याचं, हे बर्म्युडा या दुसऱ्या ब्रिटिश वसाहतीत दिसलं. राणी तीच, अधिकार तोच; तरी डिसेंबर 1977 मध्ये तिथे दोघांना फाशी झाली आणि दंगली पेटल्या. तिथला कायदा बदलायला 1999 उजाडलं.

रद्द करतानाही कुठल्या गुन्ह्यांसाठी, हे पाहावं लागतं. 1991 च्या आदेशाने लंडनने पाच कॅरिबियन प्रदेशांत फक्त खुनासाठीची फाशी काढली. हाँगकाँगच्या विधान परिषदेने 1993 मध्ये खुनाबरोबर देशद्रोह आणि हिंसक चाचेगिरीसाठीचीही काढली.

घाईचं कारण उघड होतं. 1997 ला हाँगकाँग चीनकडे जाणार होतं, आणि मूलभूत कायद्याच्या (म्हणजे त्यानंतरच्या हाँगकाँगच्या घटनेच्या) कलम 48 नुसार शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार मुख्य प्रशासकाकडे. कायदा तसाच राहिला असता तर फाशी द्यायची की नाही, हे बीजिंगने नेमलेल्या माणसाच्या सहीवर ठरलं असतं.