वाडीतली जपमाळ आणि १८०२ रुग्ण

माझ्या वडिलांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया करायचे ठरले, तेव्हा वसईतल्या आमच्या घरी आठवडाभर रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना झाली. पावसाचे दिवस होते. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेची वाट चिखलाने भरलेली असतानाही शेजारची वीस-पंचवीस माणसे छत्र्या सावरत येत, ओटीवर चटया अंथरून बसत आणि शेवटी बाबांचे नाव घेऊन त्यांच्यासाठी देवाकडे मागणे मागत. स्वतःसाठी न मागता दुसऱ्यासाठी देवापुढे उभे राहण्याला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. अशाच एका संध्याकाळी महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘‘मामा, याने आजोबांना खरेच गुण येतो का? कोणी कधी मोजून पाहिले आहे का?’’

प्रश्न श्रद्धेचा अपमान करणारा मुळीच नव्हता, आणि त्याचे उत्तर असे की, होय, मोजून पाहिले आहे, अनेकदा आणि बऱ्याच काटेकोरपणे. पहिला प्रसिद्ध प्रयत्न ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ साली केला. इंग्लंडच्या चर्चमध्ये राजाच्या दीर्घायुष्यासाठी जाहीर प्रार्थना होते. तिचा परिणाम होत असेल तर राजघराण्यातील माणसे इतरांपेक्षा अधिक जगायला हवीत, असा त्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात त्यांनी तुलनेसाठी घेतलेल्या सुखवस्तू वर्गांमध्ये राजांचे सरासरी आयुष्य सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ६४ वर्षे भरले. मात्र राजे आणि वकील, राजे आणि धर्मगुरू यांच्या राहणीत इतर शंभर फरक असतात, आणि ते बाजूला काढण्याची सोय गाल्टन यांच्या आकडेवारीत नव्हती.

ती सोय पुढे वैद्यकशास्त्राने शोधली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून रुग्णांचे दोन गट पाडायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला व तपासणाऱ्या डॉक्टरांना कळू द्यायचे नाही. नवे औषध याच कसोटीवर पारखले जाते. सॅन फ्रान्सिस्को येथील रॅन्डॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञांनी हीच पद्धत प्रार्थनेला लावली. हृदयरोग अतिदक्षता विभागातील ३९३ रुग्णांपैकी १९२ जणांसाठी रुग्णालयाबाहेरील ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थना केली आणि २०१ जणांसाठी केली नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, मोजलेल्या सुमारे २६ बाबींपैकी ६ बाबींमध्ये प्रार्थनेच्या गटाची स्थिती बरी दिसली. आमच्याकडच्या कित्येक प्रवचनांतून हा अभ्यास पुरावा म्हणून सांगितला गेलेला मी ऐकला आहे, म्हणून त्यातली मेख नीट समजून घेतली पाहिजे.

खूप बाबी मोजल्या की त्यांतल्या काही केवळ योगायोगानेही अनुकूल दिसतात. शिवाय त्या सहा बाबी एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. हृदय निकामी होऊ लागले की फुप्फुसांत पाणी साठते आणि लघवी वाढवणारी औषधे द्यावी लागतात. न्यूमोनिया झाला की प्रतिजैविके द्यावी लागतात. म्हणजे एकच सुधारणा दोन-दोनदा मोजली जाण्याची शक्यता होती. ज्या गोष्टीसाठी घरचे लोक खरोखर गुडघे टेकतात ती, म्हणजे माणूस जगणे, तिच्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रुग्णालयातील मुक्कामाच्या दिवसांतही आढळला नाही.

१९९९ साली कॅन्सस सिटीतील ९९० हृदयरुग्णांच्या अभ्यासात प्रार्थनेच्या बाजूने थोडा फरक दिसला. २००१ साली मेयो क्लिनिकच्या ७९९ रुग्णांच्या अभ्यासात आणि २००५ साली नऊ रुग्णालयांतील ७४८ रुग्णांच्या अभ्यासात तो दिसला नाही. सर्वांत मोठा प्रयोग हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला, आणि तो बायपास शस्त्रक्रियेच्याच रुग्णांवर केलेला असल्यामुळे मी तो विशेष लक्ष देऊन वाचला.

अमेरिकेतील सहा रुग्णालयांतल्या १८०२ रुग्णांचे त्यांनी तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितले होते की, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला मात्र स्पष्ट सांगितले की, तुमच्यासाठी प्रार्थना होणारच, आणि ती झालीही. दोन कॅथलिक आणि एका प्रोटेस्टंट प्रार्थनागटाने शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस ही मध्यस्थी केली. त्यांच्या हाती रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच होते, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊन रुग्ण लवकर व गुंतागुंतीवाचून बरा व्हावा, या अर्थाचे ठरावीक वाक्य त्यांनी प्रार्थनेत घ्यायचे होते. महिन्याभरात काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के होते, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के. मृत्यूचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले.

पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ सरळ आहे: अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचा मोजता येण्याजोगा परिणाम शरीरावर दिसला नाही. मला अधिक अस्वस्थ केले ते तिसऱ्या आकड्याने. तो निव्वळ योगायोग असू शकतो. पण काही अभ्यासकांनी असाही अंदाज मांडला की, ‘माझ्यासाठी खास माणसे प्रार्थनेला बसवली आहेत, म्हणजे माझी अवस्था किती गंभीर असेल’, हा धसका रुग्णाने घेतला असावा. हा अंदाज सिद्ध झालेला नाही. तरी आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून प्रार्थनेला किती जण जमले आणि किती जण रडले याचे वर्णन करणाऱ्या नातलगांनी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या प्रयोगात एक अडचण मुळातच होती, आणि संशोधकांनी ती लपवली नाही. तिन्ही गटांतील बहुतेक रुग्णांना खात्री होती की, आपले नातेवाईक, मित्र किंवा चर्चमधली माणसे आपल्यासाठी प्रार्थना करतच आहेत. त्यांना ‘थांबा’ असे कोण सांगणार, आणि सांगितले तरी कोणती आई थांबेल? त्यामुळे तुलना ‘प्रार्थना’ आणि ‘प्रार्थनेचा अभाव’ यांच्यात झालीच नाही. घरच्यांच्या प्रार्थनेवर परक्यांच्या प्रार्थनेची भर घातल्याने फरक पडतो का, एवढेच तपासले गेले. या पळवाटेतून ‘म्हणजे घरच्यांच्या प्रार्थनेने रोग बरा होतो’ असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये, कारण तसा पुरावाही या अभ्यासांत नाही. २००९ साली वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्यांमधील ७६४६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि अशा आणखी चाचण्यांवर पैसा खर्च करू नये, असे मत नोंदवले.

श्रद्धावंत म्हणून मला या निष्कर्षांचा धक्का बसला नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे येशूने वाळवंटातल्या मोहाच्या प्रसंगी मोशेच्या नियमशास्त्राचा दाखला देऊन सांगितले आहे. गेथशेमाने बागेत त्याने स्वतःच्या सुटकेसाठी केलेली प्रार्थनाही ‘माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे, तर तुझ्या इच्छेप्रमाणे’ या वळणावर येऊन थांबते. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून घ्यावे व प्रार्थना करवून घ्यावी, असे याकोबाच्या पत्रात आहे. त्याचबरोबर कॅथलिक बायबलातील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगून लगेच वैद्यालाही त्याची जागा द्यायला सांगतो. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असा सल्ला देणारी माणसे दुर्दैवाने आपल्या किनारपट्टीवरही भेटतात. त्यांना ना विज्ञानाचा आधार आहे, ना या ग्रंथाचा. आणि रुग्ण दगावल्यावर ‘विश्वास कमी पडला’ असे त्याच्या घरच्यांना ऐकवणे ही तर सरळ क्रूरता आहे.

तरीही आमच्या ओटीवर जे चालले होते त्याचा एक भाग वेगळ्या रीतीने मोजता येतो. जपमाळेत म्होरक्या अर्धी प्रार्थना म्हणतो, उरलेली अर्धी सगळे मिळून म्हणतात, आणि असे पन्नास वेळा होते. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांकडून हीच प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणवून घेतली. तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. ‘ओम मणिपद्मे हुम्’ या बौद्ध मंत्रानेही तसेच झाले. रक्तदाबातही सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वास तिच्या तालाशी जुळला की रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक संवेदनशील होते, असे त्यांना आढळले. हा परिणाम प्रार्थना म्हणणाऱ्यावर होतो, दूर रुग्णालयात असलेल्या माणसावर होत नाही. पण चार रात्री न झोपलेली माझी आई त्या म्हणणाऱ्यांतच होती, आणि जपमाळ संपल्यावर ती दोन घास खाऊ शकत असे, हे मी रोज पाहत होतो.

दुसरा भाग माणसांच्या येण्याजाण्याचा आहे. २०१० साली ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा ज्यांचे सामाजिक नातेसंबंध भक्कम आहेत, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक दिसली. नातेसंबंध आणि आयुष्य यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे सुटे करता येत नाही. आमच्या वाडीत मात्र प्रार्थनेला आलेल्यांपैकीच एकाने रक्त दिले, एकाने बाबांच्या पानवेलीचे पाणी सांभाळले, आणि दोघे आळीपाळीने पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयात डबा पोहोचवत राहिले. हे सारे मी भाचीला सांगितले, आणि आकडेही काही न वगळता सांगितले.

पाचव्या दिवशी बाबांना अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणले. आवाज क्षीण होता. त्यांनी आधी पाऊस किती झाला ते विचारले, मग जपमाळेला कोण कोण आले होते ते. आईने एकेका घराचे नाव घेऊन सांगायला सुरुवात केली, आणि एक घर तिच्याकडून सुटले, तेव्हा बाबांनीच ते आठवण करून दिले.